बोटांवर फुंकर मारणारा फिटर

आमच्या गावाने मिळून ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या पडीक जमिनीवर स्वतःचं सोलर उभं केलं, तेव्हा प्लेटा बसवायला एक फिटर आला होता. दूरच्या बर्फाच्या मुलखातला. तिकडेही त्याने गावकीचं असंच सोलर बसवलं होतं. पाना उचलायच्या आधी तो बोटांवर फुंकर मारायचा. तिकडे थंडीनं लोखंड कातडीला चिकटते म्हणे. इथं चैताचं ऊन होतं, तरी त्याची सवय गेली नव्हती.

मी म्हटलं, "अरे बाबू, इथं तं पाना चटका देते. फुंकर कायले मारून राह्यला?"

तो हसला अन् पुन्हा फुंकर मारूनच पाना उचलला.

प्लेटांवर धूळ बसते म्हणून प्रत्येक घरानं एक रांग रोज पुसायची, असं गावात ठरलं. मी नाही म्हटलं. माझी बायको माघात गेली होती. "घरात मी एकटा. मले नको रांग."

फिटरनं ते ऐकलं. नट आवळता आवळता मोडक्या हिंदीत म्हणाला, "बाबा, आमच्याकडं कोणी मेलं की त्या घरच्या प्लेटांवरचा बर्फ शेजारी झाडतात. पण महिनाभरच. मग घरच्यानंच बाहेर यायचं. नाही तर माणूस आतच गोठतो."

असं तोंडावर मला कोणी बोललं नव्हतं. राग आला. पण दुसऱ्या सकाळी रांग पुसायला गेलो.

फिटर काम संपवून केव्हाच परत गेला. मी रोज बायकोच्या जुन्या लुगड्यानं माझी रांग पुसतो. मऊ आहे, ओरखडा पडत नाही. बरं वाटते.

शेजारची सून तिची रांग पुसता पुसता विचारते, "मामाजी, एवढ्या उन्हात बोटं कायले फुंकता?"

"असंच वं," मी म्हणतो.