औटकी आणि घोटभर पाणी

नारायण पेठ नुकती वसत होती, तेव्हा दिगंबरपंतांच्या ओसरीवर यज्ञेश्वर पंतोजींची शाळा भरायची. बावीस मुलं, विटकरीची भुकटी पसरून बोटाने गिरवायच्या बावीस धूळपाट्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि निर्गुडीची एक छडी. पेठेत पंतोजींचा दरारा होता, आणि खरं सांगायचं तर तो पंतोजींपेक्षा छडीचाच होता.

शाळेचा एक रिवाज पंतोजींनी आपल्या गुरूंकडून जसाच्या तसा उचलला होता. सकाळी पहिला येईल त्याच्या तळहातावर गेरूने ‘श्री’. दुसऱ्याच्या हातावर नुसता ठिपका. तिसऱ्याला एक छडी, चौथ्याला दोन, असं करत करत बाविसाव्याला वीस. हिशेब चोख असल्यामुळे पंतोजींना तो न्यायही वाटे. पोरं तांबडं फुटायच्या आत धावत सुटत आणि शेजारीपाजारी म्हणत, “शिस्त म्हणजे काय ती यांच्याकडे बघावी!” शिस्त कसली, धास्ती होती ती. पण लांबून बघणाऱ्याला काय कळणार?

पलीकडच्या आळीतल्या भिक्षुकाचा धाकटा अनंत, वय वर्षं सात, ओळीने अकरा दिवस पहिला आला. बाराव्या दिवशीही आला, ‘श्री’ घेतला आणि गिरवता गिरवता धूळपाटीवरच गाल टेकून झोपला. पंतोजींनी छडी उगारली. पोराने दचकून मान वर केली, तर गालभर विटकरीची भुकटी! मुलं खिदळली, पंतोजींच्याही मिशा हलल्या. अनंत घाईने उभा राहायला गेला आणि झोकांडी खाऊन मटकन खाली बसला.

“सकाळी काय खाल्लंस रे?”

“काही नाही. खात बसलो तर दुसरे पुढे जातात.”

“आणि दात कधी घासतोस?”

“शाळा सुटली की.”

पंतोजींनी बाकीच्यांना विचारलं. बाविसांत सतरा उपाशी निघाले.

घरी पत्नीला, शकूबाईंना, त्यांनी हे सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, “अहो, पोरांना उठवायचंच होतं तर कोंबडा पाळायचा. तो मारत तरी नाही.”

पंतोजींनी ताट बाजूला सारलं. तीस वर्षं आपण पोरांना शिकवतोय, अशी त्यांची समजूत होती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी छडी आढ्याला खोचली गेली. शाळा आता दिवस वर आल्यावर भरू लागली. पायरीवर सगळ्यांनी हात पुढे करायचे. नखं काढलीत? दात घासलेत? न्याहारी झाली? झाली म्हणेल त्याच्या हातावर ‘श्री’, मग तो पहिला येवो की बाविसावा. महिन्याभरात गेरूचा खडा झिजून सुपारीएवढा झाला. आधी पाच सूर्यनमस्कार, दुपारी घटकाभर डुलकी. आणि पाढा अडला तर रडायचं नाही, काहीतरी ठोकूनही द्यायचं नाही. उठायचं, माठातलं घोटभर पाणी प्यायचं, परत येऊन पहिल्यापासून म्हणायचं.

दिगंबरपंतांना हे कसं पटावं? ते म्हणाले, “पंतोजी, ओसरी आम्ही शाळेला दिली होती, बारशाला नव्हे. छडीचा आवाज नाही, पोरं मात्र हसतायत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चार लोकांसमोर पाढ्यांचा परवचा घ्या. पोरं अडखळली, तर आपण दुसरी ओसरी बघा.”

दुसरी ओसरी होती कुठे! छडी नसलेल्या पंतोजीला कोण दारात उभं करणार? ही ओसरी गेली की शाळाच मोडली, हे पंतोजी जाणून होते.

परवच्याला सगळी आळी लोटली. पावाची पावकी झाली, अर्ध्याची निमकी झाली, मुलं नुसती गर्जत होती. मग दिगंबरपंतांनी नेमकं अनंतकडे बोट केलं. “औटकी म्हण. साडेतिनाचा पाढा, तिसापर्यंत.”

“सोळा औट छप्पन्न,” इथवर अनंत सुसाट आला आणि सतराला अडला. पंतोजींचा हात सवयीने आढ्याकडे गेला. त्यांनी तो ओढून मागे घेतला. अनंत शांतपणे उठला आणि माठाकडे गेला.

“हा परवच्याला आलाय की पाणपोईवर?” दिगंबरपंत म्हणाले. लोक हसले.

अनंत तोंड पुसत परत आला, मांडी घालून बसला आणि पहिल्यापासून सुरू झाला. सतरा औट साडेएकोणसाठ. तिसापर्यंत कुठे थांबला नाही.

हार मानतील तर ते दिगंबरपंत कसले! “यात काय मोठंसं? आम्ही छड्या खाऊन शिकलो, झोपेतही म्हणू.” आणि खणखणीत आवाजात त्यांनी औटकी धरली. अठरापर्यंत ठेच लागली नाही. “एकोणीस औट…” पुढे येईना. साठीच्या दिगंबरपंतांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तळवा काखेत लपला. पन्नास वर्षांपूर्वीची छडी अजून त्या हाताला आठवत होती.

अनंतने फुलपात्र भरून त्यांच्यापुढे धरलं. “आजोबा, पाणी प्या आणि पहिल्यापासून म्हणा. इथे मारत नाहीत.”

दिगंबरपंतांनी फुलपात्र रिकामं केलं. घसा खाकरून पहिल्यापासून सुरुवात केली, आणि “एकोणीस औट साडेसहासष्ट” आल्यावर पोरांनी एवढा गलका केला की ओसरीसमोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले.

दसऱ्याची सुट्टी संपली. पायरीवर बावीस हातांच्या शेवटी आणखी एक सुरकुतलेला हात पुढे आला. पंतोजींनी वर पाहिलं नाही.

“न्याहारी झाली?”

“झाली,” दिगंबरपंत म्हणाले.

पंतोजींनी गेरूचा तुकडा उचलला आणि त्या तळव्यावर सावकाश ‘श्री’ काढला.