बिननंबरची गाडी

बिलाच्या तळाशी जाड अक्षरांत छापलं होतं, 'सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही.' विक्रेत्याने त्या ओळीखाली माझी वेगळी सही घेतली. मी सही करत असताना माझा धाकटा भाऊ शोरूमच्या काचेबाहेर बघत होता. सकाळपासून तो माझ्याशी नीट बोलला नव्हता.

"ताई, शेवटचं विचारतो," तो म्हणाला. "नंबर मिळणार नाही, विमा धड होणार नाही, नाक्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नेता येणार नाही. अशा गाडीचं करायचं काय?"

"डोंगर चढायचा," मी म्हणाले.

मी तीन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला, त्यावर आधाराला लोखंडी कॅलिपर आला. पुढे सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत नवीन पनवेलच्या घरातून कचेरीत बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून जात राहिले. नेरे गावाच्या पुढे, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, आम्ही नवरा-बायकोने जमिनीचा एक तुकडा घेतला होता. तिथे आंबे, काजू, चार फणस लावले. गावातला डांबरी रस्ता संपला की पुढे धोंड्यांची चढण होती. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं लागत. मी नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन तासाभरात चढायचे. तो गेला आणि त्यानंतर दोन वर्षं मी माझी झाडं पाहिली नाहीत. खालून नुसती हिरवी रेघ दिसायची.

सगळे म्हणाले, विकून टाक. नव्या विमानतळामुळे भाव आलाय, अशी संधी पुन्हा येणार नाही. भावाने दुसरा मार्ग सुचवला, जुनी फोर बाय फोर जीप. कागदपत्रं पक्की, नंबर पक्का.

"क्लच कोण दाबणार?" मी विचारलं.

सख्ख्या भावाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. शेतात-डोंगरात चालवायच्या या जाड चाकांच्या उघड्या गाडीला क्लच नव्हता. उजव्या पायाने ब्रेक, उजव्या पायाने वेग, बसायला दोन जागा आणि मागे सामानाचा हौदा. माझ्या शरीराला जमेल आणि त्या धोंड्यांनाही जमेल अशी मला सापडलेली ती एकच गाडी होती.

टेम्पोत घालून ती गावात आणली. रस्ता संपतो तिथे एका शेतकरीण बाईचा गोठा होता. मी तिला वहिनी म्हणायचे. वयाने ती माझ्याएवढीच. नवरा उलव्याला बांधकामावर डंपर चालवायचा, शेत हीच बघायची. तिने गोठ्यात गाडीला जागा करून दिली. गावाने गाडीचं नाव ठेवलं, बिननंबरची.

पहिल्या दिवशी वर पोचले तेव्हा मी बराच वेळ गाडीतून उतरलेच नाही. काजूची दोन झाडं वाळली होती, आंबे वाढले होते. मी एकटी आले होते. कुणाचा खांदा न धरता तिथे येण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. नवऱ्याची आठवण आली, पण वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला होता.

एक गोष्ट कबूल करते. ती चढण म्हणजे जुनी पाणंद होती, सगळ्यांच्या वहिवाटीची. म्हणजे कायद्याने तीही सार्वजनिकच. उभा जन्म कागद तपासणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिथून गुरांखेरीज कुणी जात नाही, एवढ्या सबबीवर मी वर्षभर गाडी चालवली.

मग वरच्या अंगाला मुंबईच्या एका माणसाने फार्महाउस बांधलं आणि पाणंदीवर सिमेंटचा रस्ता झाला, पण चढ एवढा उभा की माझी जादा चाकांची स्कूटर त्यावर चढेना. महिन्याभरात तक्रार गेली. एका सकाळी गोठ्यापाशी हवालदार उभा होता.

"मॅडम, गाडीला नंबर नाही."

"नाही."

"रोडवर आणता येत नाही."

"मी रोडवर आणली नाही. रोड माझ्याकडे आला."

तो हसला नाही, मीही हसले नाही. माणूस सरळ होता. म्हणाला, "तक्रार लेखी आलीय. आज सांगून जातो. पुन्हा दिसली तर जमा करावी लागेल."

फार्महाउसवाले वरून चालत आले होते. ते नम्रपणे म्हणाले, "मावशी, तुमच्याच सेफ्टीसाठी सांगतोय. या वयात, अशा पायाने, कशाला हा त्रास?"

त्यांनी नियम सांगितला असता तर मी ऐकून घेतलं असतं. नियम त्यांच्या बाजूनेच होता. पण त्यांनी माझ्या पायाचा विषय काढला. मी म्हणाले, "पाय माझा आहे, मी बघते. तुम्ही तक्रारीपुरतं बोला."

गाडी गोठ्यात गेली ती तीन आठवडे हलली नाही. हौद्यात कोंबडी अंडी घालू लागली. भावाने फोनवर 'सांगितलं होतं' एवढंच म्हटलं आणि मग अर्धा तास तेच बोलत राहिला. कुणाच्या तरी ओळखीने एका एजंटाचाही फोन आला. भंगारातल्या ट्रॅक्टरचा नंबर लावून देतो, म्हणाला, खेड्यात कोण बघतंय. मी फोन ठेवून दिला. मला खोटा नंबर नको होता. माझ्या गाडीला नंबर नाही आणि तरीही ती माझ्या कामाची आहे, हे मला उघड्यावर म्हणायचं होतं.

चौथ्या आठवड्यात मी गोठ्यात जाऊन नुसतीच गाडीत बसले होते. वहिनी वैरणीचा भारा टाकून समोर उभी राहिली.

"बाय, रस्ता सरकारचा हाय. माजा बांद तर माजा हाय ना?"

"म्हणजे?"

"गोठ्यापासनं तुमच्या कुंपनापर्यंत सगली माजी जमीन हाय. ओढ्याच्या अंगानं बांद रुंद करू. तिथं पोलीस येनार नाय."

हे मला सुचायला हवं होतं. तिथले सातबारे मी पाहिले होते. पण दुसऱ्याच्या शेतातून वाट मागायची माझी हिंमत झाली नसती. मी विचारलं, याबद्दल तुला काय देऊ.

ती पदराने मान पुसत म्हणाली, "मना चालवाला शिकवा."

बांध रुंद करायला अकरा दिवस लागले. वहिनी आणि तिची जाऊ दगड फोडायच्या. मी पालथ्या पाटीवर बसून छोटे दगड निवडून द्यायचे आणि जेवण करून न्यायचे. तिचा नवरा रविवारी आला. कमरेवर हात ठेवून बघत म्हणाला, "तुला सायकल येत नाय, तू ही चालवनार?" वहिनीने त्याच्या हातात पहार दिली. संध्याकाळपर्यंत त्याने ओढ्याकडची बाजू रचून दिली.

पहिल्याच दिवशी तिने गाडी बांधावर चढवली आणि पुढचा लोखंडी दांडा वाकवला. दुसऱ्या दिवशी रडली. तिसऱ्या दिवशी मला खाली उतरवून एकटी वर जाऊन आली. आता वालाच्या शेंगा, मिरच्या, काकड्या पाट्या भरून गाडीतून खाली येतात. पूर्वी हे सगळं तिच्या डोक्यावरून यायचं. आंब्याच्या दिवसांत माझ्या पेट्याही तीच उतरवते. मी शेजारी बसते.

लोक विचारतात, अशी गाडी घ्यावी का. मी सगळं खरं सांगते. पावसाळ्याचे चार महिने ती ताडपत्रीखाली असते, कारण ओढ्याकडची वाट निसरडी होते. एकदा इंजिनाचा पट्टा तुटला तर नवा यायला दीड महिना गेला. आणि तुमच्या जमिनीला लागून जमीन असलेलं माणूस भलं नसेल, तर घेऊच नका. एवढं सांगून झाल्यावर, मी पुन्हा घेईन का, असं विचारलं तर मला विचार करावा लागत नाही.

या थंडीत भाऊ पहिल्यांदा वर आला. वहिनी चालवत होती, तो शेजारी दांडा घट्ट धरून बसला होता. माझ्यासाठी तिने नंतर दुसरी फेरी मारली. वर आम्ही सावलीत भाकरी खाल्ली. तो बराच वेळ झाडं बघत फिरला आणि मग म्हणाला, "पण ताई, या गाडीला गिऱ्हाईक मिळायचं नाही."

"कोण विकतंय?" मी म्हणाले आणि त्याला खालच्या फणसाला पाणी घालायला पाठवलं.