उजव्या पायाचा गिअर

बेबीताईंना नुसतं बेबी म्हणणारा माणूस आता जगात एकच उरला होता, त्यांचे थोरले बंधू. बाकी सगळा रस्ता त्यांना सीटवाल्या बाई म्हणायचा, कारण गेली पस्तीस वर्षं त्या गाड्यांच्या सीटा शिवत होत्या. वय एकसष्ट, आवाज दुकानातून समोरच्या फुटपाथपर्यंत जाणारा, बोटं सुईने राठ झालेली. त्यांना एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगायचं असेल, तर सांगणाऱ्याने आधी घरून जेवून यावं, एवढा वेळ लागायचा.

त्यांच्याकडे एक जुनी जर्मन मोटारसायकल होती. लांबच्या प्रवासासाठीच बांधलेली. पुढे वारा अडवणारी मोठी काच, मागे दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या, चेनऐवजी फिरता दांडा, आणि इंजिनाचे चारही सिलिंडर एका कुशीवर आडवे झोपवलेले. एकोणीस वर्षांपूर्वी एक म्हातारा इंजिनीअर तिची सीट शिवायला देऊन गेला होता. सीट न्यायला आला तो "आता मला झेपत नाही, गाडीच ठेवून घ्या" म्हणत. तेव्हापासून दर वर्षी दुकानाला कुलूप लावून बेबीताई आठ-दहा दिवस एकट्या बाहेर पडायच्या. कुठे गेल्या होत्या ते परत आल्यावर कळायचं.

मग दीड वर्षांपूर्वी त्या पडल्या. मोटारसायकलवरून नव्हे, दुकानातल्या शिडीवरून, फोमची गुंडाळी काढताना. याचा त्यांना फार राग होता. मोटारसायकलवरून पडल्या असत्या तर निदान चारचौघांत सांगायला तरी बरं होतं. डावा गुडघा दोनदा उघडून शिवला, आणि शेवटी तो वाकेनासाच झाला. पाय काठीसारखा सरळ. पाच महिने दादांनी त्यांचं सगळं केलं. दादा म्हणजे निवृत्त कंपाउंडर, हात मऊ, स्वभाव त्याहून मऊ. अंथरुणातून उठवायचं, न्हाणीपर्यंत न्यायचं, पट्ट्या बदलायच्या, आणि वर बोलणीही खायची. वहिनी म्हणायच्या, "यांनी मला कधी एक कप चहा हातात दिला नाही, पण बहिणीला बघा." म्हणायच्या, आणि चहा त्याच करून पाठवायच्या.

अशा भावाने एक दिवस समोर बसून सांगितलं, "बेबी, ती गाडी आता काढून टाक."

गिऱ्हाईकही त्यांनी शोधून ठेवलं होतं. दातांचे एक डॉक्टर होते, जुन्या मोटारसायकली जमवणारे. ते येऊन बघून गेले होते. सीटवर हात फिरवत म्हणाले होते, "हिला आहे तशीच ठेवा. एक स्क्रूसुद्धा बदलू नका. मूळ रूपातच हिची शोभा." बेबीताईंनी मान डोलावली होती. डॉक्टर गेल्यावर त्यांनी धारदार सुरी घेतली आणि मूळ सीटचा फोम चार बोटं खाली कापला.

"वाकत नाही तो माझा गुडघा आहे, डोकं नाही," त्या दादांना म्हणाल्या. "गाडी माझ्या मापाची करते. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ढुंगणाच्या मापाने सीटा शिवल्या. आता एक माझ्या."

दादा गप्प बसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "कर. पण बदललेली गाडी तपासणी कार्यालयात पास करून घ्यावी लागते. पास झाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नापास झाली तर विकायची. एकच खेप. कबूल?"

दुसऱ्या कोणी अट घातली असती तर बेबीताईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण पाच महिने ज्याच्या खांद्यावर भार टाकला, त्याला नाही कसं म्हणणार? त्या कबूल म्हणाल्या, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द होता.

चार महिने काम चाललं. शेजारच्या रस्त्यावरचा टर्नर लोखंडाचं बघायचा, बाकी सगळं त्यांचं. डाव्या पायाचा गिअर उजव्या पायात घ्यायचा होता, म्हणून गाडीच्या पोटाखालून एक आडवा दांडा टाकला. उजव्या पायाचा मागचा ब्रेक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली आणला. सरळ पायासाठी पुढे लांब पाट्या बसवल्या. डाव्या बाजूला इंजिन भाजतं, म्हणून तिथे जाड चामड्याची ढाल शिवली. नवी सीट त्यांनी तीनदा उसवली. आडवा दांडा बसवताना टर्नरकडून एक गोष्ट उलटी झाली: पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली पडू लागले. त्याचा चेहरा पडला. "खोलतो परत," म्हणाला.

बेबीताईंनी दुकानामागच्या मोकळ्या जागेत दोन दिवस चालवून बघितली आणि म्हणाल्या, "राहू दे. सवय झाली."

तपासणीच्या दिवशी सकाळी बेबीताई येण्याआधीच दादांनी गाडी टेम्पोत घालून नेली, कारण पास होईपर्यंत रस्त्यावर चालवायची परवानगी नव्हती. तपासणी अधिकारी पन्नाशीचे, कोरडे, एका कानामागे पेन खोचलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पाय बघितला, गाडी बघितली, पुन्हा पाय बघितला.

"चालू करा."

बेबीताईंनी बटण दाबलं. इंजिन लागलं, आणि मागून पांढराशुभ्र धुराचा लोट निघाला. असा की आवारातली माणसं खोकत मागे सरली. अधिकारी दोन पावलं हटले आणि त्यांनी कानामागचं पेन काढलं.

"बाई, बंद करा. इंजिन गेलंय."

"इंजिन ठणठणीत आहे. पाच मिनिटं थांबा."

"धूर दिसतोय मला."

"मलाही दिसतोय. थांबा."

हा धूर कशाचा, हे बेबीताईंना पक्कं ठाऊक होतं. या गाडीचे सिलिंडर आडवे. बाजूच्या स्टँडवर ती डावीकडे कलती ठेवली, की रात्रभरात तेल झिरपून सिलिंडरात उतरतं आणि सकाळी जळतं. एकोणीस वर्षांत त्यांनी तिला एकदाही कलती ठेवली नव्हती. कायम मधल्या स्टँडवर, ताठ. मग काल कोणी ठेवली? त्यांनी मान वळवून दादांकडे बघितलं. दादांचा चेहरा पांढरा पडला होता.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. दादांना त्या क्षणी काहीही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. अधिकाऱ्यांचं पेन कागदाला टेकलं होतं. नापास लिहिलं गेलं असतं, गाडी डॉक्टरांकडे गेली असती, आणि बहीण रस्त्यावर कुठे पडली असेल या काळजीतून ते कायमचे सुटले असते.

दादा पुढे आले. "साहेब, चूक माझी आहे. काल संध्याकाळी मी गाडी धुतली. म्हटलं, जायचीच असेल तर स्वच्छ होऊन जावी. धुताना स्टँडवरून उतरवली, मग पुन्हा मधल्या स्टँडवर चढवता येईना. फार जड आहे. हिला सांगायची लाज वाटली, म्हणून बाजूच्या स्टँडवर लावून झोपलो. ही म्हणते तर थांबा. ही गाडीबद्दल खोटं बोलत नाही. बाकी कशाबद्दल बोलेल."

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. तिसऱ्या मिनिटाला धूर विरळ झाला, सहाव्या मिनिटाला दिसेनासा झाला. त्यांनी सायलेन्सरला नळी लावून धुराचे आकडे घेतले, दोनदा घेतले, आणि लिहून ठेवले. मग आठच्या आकड्यात फेऱ्या, चढावर थांबणं, एकदम ब्रेक. बेबीताई सरळ पाय पुढे ताणून अशा फिरल्या की शेजारच्या रांगेतले लोक आपला नंबर विसरले. थांबल्या की तोच न वाकणारा पाय खाली टेकायचा आणि खुंटासारखा उभा राहायचा. बऱ्याच महिन्यांनी त्यांना त्या पायाचा राग आला नाही.

"आता मी बघतो," अधिकारी म्हणाले आणि बसले. सवयीने डाव्या पायाने गिअर शोधला, तिथे नुसती पाटी. उजव्या पायाने ब्रेक दाबायला गेले तर गिअर पडला. गाडीने एक उसळी घेतली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ते उतरले, हेल्मेट काढलं आणि घाम पुसला. बेबीताई तोंड घट्ट मिटून उभ्या होत्या. हसल्या असत्या तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

कागद हातात पडला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दादांना मोठ्याने वाचून दाखवला. वाहन पास. खाली हाताने लिहिलेली अट: बदल केवळ सध्याच्या मालकाच्या शरीरास अनुसरून असल्याने वाहन अन्य कोणीही चालवू नये. मालकी बदलल्यास हे प्रमाणपत्र रद्द.

"म्हणजे विकली तर...?" दादा म्हणाले.

"विकली तर नुसतं लोखंड."

"आणि तुझ्यानंतर?"

"माझ्यानंतर काय करायचं ते करा," बेबीताई म्हणाल्या. "माझ्या आधी कोणी हात लावायचा नाही. धुवायलासुद्धा."

टेम्पोवाल्याला त्यांनी रिकामाच परत पाठवला. गाडी चालू केली, धूर नाही, आणि फाटकातून बाहेर पडल्या. दादांनी ती वळणाआड जाईपर्यंत बघितलं. मग तिथेच उभं राहून डॉक्टरांना फोन लावला.

"नाही, डॉक्टर, मिळणार नाही. नाही, दुरुस्त होण्यासारखं नाही ते. बिघाड गाडीत नव्हे, माझ्या बहिणीत आहे." पलीकडची "वाईट झालं, फार वाईट झालं" ही हळहळ त्यांनी ऐकून घेतली, आणि मग जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "वाईट काय त्यात?"