खोडापेक्षा लांब पट्टी

खाटकाच्या दुकानात मधोमध एक जाडजूड लाकडी ठोकळा असतो. त्यावर दिवसभर सुऱ्याचे घाव पडतात. तोही कुणीतरी घडवलेला असतो, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. गावातले बहुतेक ठोकळे एकाच बाईच्या हातचे होते. तिला सगळे ठोकळाताई म्हणत, आणि तिची अंगकाठीही नावाला साजेशीच होती. पण हे तोंडावर बोलायची मुभा फक्त तिच्या नवऱ्याला. तो शिंपी. "आमच्या घरातली मऊ कामं माझ्याकडे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

काम तिने सासऱ्यांकडून उचललं. चिंचेचं जाड खोड आणायचं, त्याचे आडवे काप करायचे, साल सोलायची, दोन्ही तोंडं रंधून सपाट करायची, कडेने लोखंडी पट्टा ठोकायचा, तेल पाजायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. यातलं सगळं ती एकटी करी. घोडं अडायचं ते फक्त खोड कापताना. त्यासाठी शेजारच्या गावाहून तिचा धाकटा भाऊ त्याची मोठी चेनसॉ घेऊन येई. तो झाडं तोडणारा माणूस, रोज तेच काम. वर्षाला तीन-चार खोडं निघायची आणि तेवढ्याच त्याच्या फेऱ्या व्हायच्या. कामाशिवाय तो कधीच आला नाही. "बिनकामाचा माणूस दारात दिसला की घरच्यांची नजर घड्याळाकडे जाते," म्हणायचा.

अलीकडे मात्र त्याच्या येण्याचा भरवसा राहिला नव्हता. उद्या म्हणायचा आणि महिन्याने उगवायचा. तोवर पडलेलं खोड वाळायचं आणि गाभ्यापासून सालीपर्यंत तडकायचं. मागचं खोड असंच गेलं. इतकं देखणं लाकूड ताईला सरपणाला काढावं लागलं. आता अंगणात नवं खोड येऊन पडलं होतं, आजवरच्या सगळ्यांत मोठं. तोंडांना मेण फासून ती त्याला कशीबशी सांभाळत होती, आणि भाऊ फोनवर "येतोच गं" म्हणत होता.

शेवटी तिने ठरवलं, आपलीच चेनसॉ घ्यायची. तिला खात होतं ते एवढंच, की हे भावाला कळलं तर काय? त्याच्या नाकावर राग. एकदा तिने अंगणातली नुसती फांदी दुसऱ्याकडून तोडून घेतली, तर या गृहस्थांनी पावसाळा संपेपर्यंत तोंड फुगवलं होतं. चेनसॉ घेतली म्हणजे त्याला 'तुझी गरज नाही' असं सांगितल्यासारखंच. मग तो येणारच नाही. आणि माहेरचं म्हणायला तिला तेवढा एकच उरला होता.

"आधी त्याला सांग, मग घे," नवरा म्हणाला.

"सांगते हो." तिने काही सांगितलं नाही.

निघण्याआधी नवऱ्याने गळ्यातली टेप काढून खोडाचं माप घेतलं. "छाती भलतीच रुंद आहे याची. सदरा काही बसायचा नाही," म्हणाला, आणि माप खडूने तिच्या पिशवीवर लिहून दिलं.

आसपासच्या गावांत अशा यंत्रांचं दुकान एकच. मालक बोलका होता.

"रोज कापणार का कधीमधी, ताई?"

"वर्षातून तीन-चारदाच. पण कापायचं ते राक्षसासारखं."

त्याने एक हलकी, सुबक चेनसॉ पुढे ठेवली. "बायकांना ही बरी पडते."

"बायकांना पडेल. खोडाला पडणार नाही," ताई म्हणाली. त्या यंत्राची पट्टी, म्हणजे ज्या लांबट पोलादी पात्याभोवती साखळी फिरते ती, खोडाच्या जेमतेम निम्म्याच्या पुढे पोचली असती. मग दोन्ही बाजूंनी कापावं लागतं, आणि दोन्हीकडचे काप मध्ये एकमेकांना भेटता भेटत नाहीत. पायरी राहते. ती पायरी रंधता रंधता खांदे निखळतात. तिला पट्टी हवी होती खोडापेक्षा लांब, एका कापात पार जाणारी.

मालकाने मग नवी कोरी दांडगी चेनसॉ काढली. ताईने उचलली, धरली, तिच्यासह एक पाऊल पुढे टाकलं. जमत होतं. मालकालाच राहवलं नाही. "खरं सांगू? ही रोजच्या धंद्याची. तुमच्याकडे नुसती कोपऱ्यात बसून राहील. एक जुनी आली आहे, पट्टी हिच्याएवढीच. रोज वापरणाऱ्याला मी ती देणार नाही, हादरे फार देते. तुमच्यासारख्यांना वर्षातून तीन-चारदा काही होत नाही. वर हादरे शोषणारे नवे रबर बसवून देतो."

त्याने मागच्या फळीवरून ती आणली. मुठीवर जाड कापड शिवलेलं होतं. दुहेरी टाका, शेवटी बारीक तिरकी गाठ. तशी गाठ जगात एकच शिंपी मारत होता, आणि तो तिच्या घरी बसलेला होता.

"कुणाची ही?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"एक झाडं तोडणारा देऊन गेला. उभा जन्म हादरे खाल्लेले. बोटं बधिर पडतात म्हणाला, यंत्र सुरू करायची दोरी ओढवत नाही. आता झाडांची रोपं विकतो म्हणे."

ताई स्टुलावर बसली. मागच्या खेपेला भावाने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, आणि ती म्हणाली होती, "काय रे, पूजेला बसलास का?" तोही हसला होता. आता तिला स्वतःच्या जिभेचा राग आला, त्याच्या मुकेपणाचाही आला, आणि वर डोळे भरून आले.

"जड वाटते का ताई?" मालकाने विचारलं.

"नाही. हीच द्या."

घरी येऊन तिने फोन लावला. "चेनसॉ घेतली मी, जुनी. मला काही सुरू करता येत नाही. तू दाखवल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"येतो," तो म्हणाला.

आणि तो दुसऱ्याच दिवशी आला. खोडावर ठेवलेली चेनसॉ त्याने पाहिली आणि जागीच थबकला. मुठीवरच्या कापडावरून अंगठा फिरवला. शिंपी घाईघाईने चहा टाकायला आत पळाला.

"आधीचा मालक जपून वापरत होता," भाऊ खाली बघत म्हणाला.

"होता ना. यायचा तेवढा उशिरा."

त्याने वर पाहिलं. तिने नजर हलवली नाही. मग त्याला हसू आवरेना, हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, आणि ताईनेही पुसले.

"सांगायचं होतं गं. जीभ रेटली नाही."

"कळलं. आता शिकव."

अंगणातली खुर्ची मागे ओढून तो बसला आणि तिथूनच सांगू लागला. पाय फाकव. डावा हात ताठ. दाबू नकोस, वजन तिचं तिला टाकू दे. दोरी ओढ, पुन्हा ओढ, घाबरतेस काय! चौथ्या झटक्याला यंत्र गर्जलं. पट्टी खोडात शिरली, भुसा तिच्या पायांवर उडाला, आणि एका कापात पहिला ठोकळा सुटा झाला. पायरीचं नाव नाही.

तिने यंत्र बंद केलं. भाऊ वाकून कापावर तळहात फिरवत होता. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून त्याने गाल टेकवून पाहिला.

"सपाट," म्हणाला. "झालं तर. पुढच्या खोडाला तुला माझी गरज नाही."

"नाही," ताई म्हणाली. "आता खोड नसतानाच येत जा."