दिवस मावळल्यावरचा घास

म्हशीच्या मुतात पाय घसरून आक्का गोठ्यात आडवी पडली होती. उजवा पाय मोडला होता, आणि तिच्याजवळ उभं राहिलेलं काळं कुत्रं कुणाला आत येऊ देत नव्हतं. स्ट्रेचर घेऊन आलेल्या दोघांना तांबड्या कुत्र्यानं गोल फिरून फिरून कडब्याच्या गंजीला टेकवलं होतं. मी दारात. आक्का खालून ओरडली, "पद्मे, पावण्यास्नी बसाय तरी दे की!"

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून कसबा बावड्याच्या मळ्यात चार म्हशी घेऊन एकटी राहायची. तिच्या मुलानं, अभयनं, अट घातली होती, राखणीला कुत्रं ठेव, नाहीतर म्हशी विक आणि पुण्याला चल. पुण्याचं नाव काढलं की आक्का म्हणायची, "तितं सकाळी उठून शिव्या कुणाला देऊ?"

म्हणून गडमुडशिंगीच्या कुत्रेवाल्यानं दोन कुत्री दाखवायला आणून सोडली. तांबडं हिमाचलचं गद्दी, जनावरं वळणारं. काळं काश्मीरचं बकरवाल, राखण करणारं. दोन्ही वासराएवढी आणि केसाळ. एक ठेवा, एक नेतो, असं तो म्हणाला. आक्कानं म्हैस पारखावी तसं दोघांभोवती फिरून बघितलं. "दोन्ही गोधड्याच हाईत. तोंड कुठल्या बाजूला हाय तेवढं सांग."

"आक्का, ह्यास्नी मटण लागतंय," तो म्हणाला.

"मग तुझ्या घरात बांध. हितं दूध-भाकरी. ती बी दिवस मावळायच्या आत."

आम्ही जैन. मी अधूनमधून चुकते, आक्का कधी चुकली नाही. अंधारात पाणीसुद्धा प्यायची नाही. कुत्र्यांनाही तिनं तेच वळण लावलं. ऊन असतानाच पायरीवर बसून पहिला घास ती खायची, मग त्यांना द्यायची. पुढं पुढं तिनं खाल्ल्याशिवाय ती कशाला तोंड लावेनात.

"आक्का, कुत्र्यांना मोक्षाला नेतीस काय?" मी विचारलं.

"तू तर येत न्हाईस. त्यांना तरी नेते."

कुठलं ठेवायचं ते मात्र ठरेना. मी राजारामपुरीतून दर रविवारी जायची. एका रविवारी ती तांबडं म्हणायची, दुसऱ्या रविवारी काळं. तांबडं म्हशी वळायचं, कोंबड्या वळायचं, एकदा दूधवाल्यालाच गोठ्यात घालून आलं. काळं दिवसभर झोपायचं. मी म्हटलं, हे परत दे, फुकट खातंय. आक्का म्हणाली, "राहू दे. मालकांची आठवण येती."

आणि आता तेच काळं दात दाखवत उभं होतं. स्ट्रेचरवाल्यांनी बिस्किटं टाकून बघितली. शेजारच्या बाईनं मटणाची फोड टाकली. त्यानं वाससुद्धा घेतला नाही. दिवस मावळला होता.

आक्का म्हणाली, "पद्मे, भाकरी आण."

मी दारातूनच टाकली. तिनं ती हातात घेतली आणि बघत बसली. जन्मभराचा नेम होता. मी म्हटलं, "नुसतं तोंड हलव. कुत्र्याला काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय," ती म्हणाली, आणि घास तोडून, चावून गिळला. मग तिनं दोन तुकडे केले. काळं खाली बसलं. तांबडं पावण्यांना सोडून पळत आलं. कुत्री खात होती तेवढ्यात मी दोघांना साखळ्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं उपास धरला. डॉक्टरांना सांगितलं, तोंडाला चव नाही.

अभय आला. "आई, आता तरी चल."

"येते की. आधी कुठलं कुत्रं ठेवायचं ते ठरू दे."

पाय बरा झाला, ती काठी घेऊन मळ्यात परत गेली आणि ठरवत राहिली. अभय विचारायचा, ती म्हणायची, "अजून बघते." कुत्रेवाला शेवटी दोन्हीचे पैसे घेऊन गेला, तरी तिचं बघणं चालूच होतं. पुण्याला ती गेली नाही ती नाहीच.

काळं आधी म्हातारं होऊन गेलं. गेल्या थंडीत आक्का गेली, मळ्यातच, आपल्या खाटेवर. ती पडली त्या संध्याकाळच्या आम्हा चौघांपैकी मी आहे आणि तांबडं आहे.