मी हात लावत नाही

डुकराचं मटण आमच्याकडे कामाच्या दिवशीच शिजतं. बुलढाण्यात आमच्या गल्लीत बौद्धांचं घर एकटं आमचं. बाकी सगळे मास्तर, बाबू. अकरा वाजता गल्ली रिकामी होते ती पाचपर्यंत. तेवढ्यात शिजवून, खिडक्या उघडून, वास घालवून मोकळं व्हायचं. पोरगा नोकरीला लागल्यावर आम्ही इथं आलो, तेव्हापासून हाच रिवाज. कोणी सांगितला नव्हता, मीच पाडला.

सुनेला सातवा महिना होता. ती दवाखान्यात नर्स आहे. डोहाळे लागले ते या मटणाचेच. तिच्या माहेरून, बीबी गावाहून, तिचा भाऊ सकाळच्या एसटीनं येऊन कच्च्या मटणाचा डबा देऊन गेला. ती मला म्हणाली, "आई, कुकरमध्ये नका करू. तुमच्या हातचं गंजातलं पाहिजे."

गंज म्हणजे आमचं जाड बुडाचं पातेलं. कुकरमध्ये मटण शिजतं, पण चव मरते. मी तुकडे गरम पाण्यानं धुतले, हळद-मीठ लावलं आणि गंजात टाकून गॅस अगदी बारीक केला. तेल घालायचं नाही, चरबीच सुटते. झाकणीत पाणी ठेवलं. ते तापलं की आत ओतायचं, झाकणीत दुसरं घ्यायचं. तीन तास जातात. खिडक्या लावल्या, दोन उदबत्त्या लावल्या. सून यायच्या आत चामडी बोटानं तुटायला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोनदा तोडून पाहिली. दुसऱ्यांदा अख्खा तुकडा खाल्ला.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारची मास्तरीण. तिनं त्या दिवशी रजा टाकली होती, ते मला माहीत नव्हतं. दारातच तिनं नाकाला पदर लावला आणि वास कसला येतो म्हणून विचारलं. बकऱ्याचं आहे म्हणाले असते तरी भागलं असतं. पण तिच्या तोंडाकडे पाहून माझी जीभ भलतीकडेच वळली.

"सुनेच्या माहेरून डुकराचं आलं, बाई. तिच्याकडे चालते. मी त्याले हात बी लावत नाही. काय करता, आजकालच्या सुना."

हळदीचे हात मी पदराखाली धरले होते.

ती "बिचाऱ्या तुम्ही" म्हणून वळली. तिच्या मागं पायरीवर सून उभी होती, हातात चपला. ड्यूटी लवकर सुटली होती. मास्तरीण तिच्याकडे न बघता अंग चोरून निघून गेली. सुनेनं आत जाऊन पाय धुतले, गंजाचं झाकण काढून बघितलं, परत ठेवलं.

रात्री जेवताना तिनं दोन ताटांत मटण वाढलं. माझ्या ताटात वरण.

पोरानं विचारलं, "आईले काऊन नाही?"

"आई हात लावत नाहीत," ती म्हणाली.

पोरगा हसला. तो याच रश्श्यावर वाढलेला. तिला म्हणाला, मस्करी करतेस काय. ती खाली बघून भाकर मोडत राहिली. खरं सांगायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी वरण खाल्लं.

चार दिवसांनी मास्तरीण बसायला आली. सुनेनं चहा करून आणला. अवघडलेली, एक हात कमरेवर. मास्तरीण म्हणाली, पित्त झालंय, चहा नको. सून कप घेऊन आत गेली. तशी मास्तरीण माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही घोटभर करा. तुमच्या हातचा चालतो."

तेव्हा तरी बोलायचं होतं. म्हणायचं होतं की त्या दिवशीचं मटण याच हातांनी शिजवलं, त्यातला अख्खा तुकडा याच तोंडानं खाल्ला, तू दारात येण्याआधी.

मी उठले. सून ओट्यापाशी तो नाकारलेला चहा मोरीत ओतत होती. ती बाजूला सरकली आणि साखरेचा डबा माझ्यापुढं ठेवला. मी चहाचं आधण ठेवलं.