चावीवाल्यांच्या दहा सह्या

चावीवाले नगरसेवकपदासाठी अपक्ष उभे राहणार, हे ऐकून त्यांची बायको आधी हसली आणि मग तिचा जीव खालीवर झाला. एकतीस वर्षं वॉर्डातल्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्यात गेलेला माणूस. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की तोंडाला कुलूप! लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला लावायचं, दुसरं कानाला, आणि खाली पाइप कुठं गळतोय ते सांगायचं, एवढी एकच विद्या त्यांच्याकडे. निवृत्तीनंतर शाळेजवळ अशीच एक गळती त्यांनी ऐकली. चार अर्ज दिले. वॉर्ड ऑफिसानं तिथं तीनदा नुसतं डांबर ओतलं आणि चावीवाल्यांना सांगितलं, काका, तुम्ही आता आराम करा. झालं, काकांचं डोकं सटकलं.

उमेदवारीच्या अर्जावर वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या हव्या होत्या. चावीवाले तीन दिवस संध्याकाळी घरोघर हिंडले. पण दार उघडलं की जुनी सवय त्यांच्याआधी बोलायची: "पाणी येतंय ना?" मग काय, माणसं तक्रारींचा पाढा वाचायची, चावीवाले उकिडवे बसून नळ तपासायचे, आणि कागद खिशातच राहायचा.

"किती झाल्या?" तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं.

"कोपऱ्यावरच्या इमारतीत प्रेशर कमी आहे."

"अहो, सह्या!"

"राहिल्या."

"उद्या तीनला मुदत संपते. त्या प्रेशरलाच उभं करा निवडणुकीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत ते जवळच्या गल्लीनं निघाले. एरवी ती गल्ली ते टाळत. तिथल्या लॉन्ड्रीवाल्यानं चोरून घेतलेला नळ त्यांनी बारा वर्षांपूर्वी तोडला होता, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आणि नेमका लॉन्ड्रीवाला दारातच उभा. त्याला पाण्याचं विचारायची सोयच नव्हती, त्यामुळे चावीवाल्यांच्या तोंडून सरळ खरं तेच निघालं. "मी निवडणुकीला उभा राहतोय. सही हवी आहे."

लॉन्ड्रीवाल्यानं हातातली इस्त्री खाली ठेवली. "माझा नळ तोडलात तेव्हा तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या, विचारू नका. दुपारी कळलं, त्याच सकाळी सख्ख्या मेव्हण्याचाही चोरीचा नळ तोडलात. मग शिव्या थांबवल्या. पण बोलणार कुठल्या तोंडानं? आणा तो कागद."

कागद घेऊन तो स्वतःच गल्लीत शिरला. चावीवाले दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला. तासाभरानं कागद परत आला तेव्हा त्यावर नऊ सह्या होत्या.

"दहावी जागा मुद्दाम सोडलीय," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "कुणासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे."

तो नळ तोडल्यापासून मेव्हण्यानं त्यांच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. बायको त्यावरून कधी भांडली नाही. फक्त भावाचा विषय निघाला की भांडी जरा जोरात आपटायची. चावीवाल्यांनी घरी येऊन कागद दाखवला. रिकामी ओळ पाहून तिनं पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

मेव्हण्यानं दार उघडलं, कागद वाचला. बहिणीकडे पाहायचं त्यानं टाळलं.

"सगळ्यांच्या दारात काहीतरी विचारत फिरता म्हणे," तो म्हणाला. "माझ्याच दारात नाही विचारलंत बारा वर्षांत."

चावीवाल्यांनी विचारलं, "पाणी येतंय ना?"

"येतंय, भाऊजी. पेन द्या."

चावीवाल्यांनी सगळे खिसे चाचपले. पेन बायकोच्या पिशवीत होतं, आणि बायको केव्हाच भावाच्या स्वयंपाकघरात पोचली होती.